मेव्हण्यांचा बँड

"भटू, आते तू फुकू नको. नुसती तोंडले लावीसन चाल," मगनने भर वरातीत त्याच्या कानाशी येऊन सांगितलं.

साक्रीच्या बाजारपेठेत वरात अडकली होती. हातगाडीवरचे भोंगे कर्कश्श ओरडत होते आणि गाडीमागून चालत एकजण नवा कॅसिओ वाजवत होता.

"काबरं, दाजी?"

"कॅसिओमां तोच आवाज शे. दोन्ही संगे बरं नही लागत."

"मंग मी कसाले शे?"

मगन गडबडला. "लोकेस्ले दिखाले," म्हणाला, आणि ट्रम्पेट उचलून पुढे गेला.

भटूने क्लॅरिनेट ओठांना लावली. न फुंकता बोटं हलवत राहिला. कुणाला काही कळलं नाही. नवरदेवाच्या काकांनी तर त्याच्याकडे बघून खुशीत मान डोलावली. तेच त्याला सहन झालं नाही.

मगन म्हणजे भटूच्या मोठ्या बहिणीचा, सुगंधाबाईचा नवरा. एक्याऐंशी साली दोघांनी शिरपूरला बँड काढला, नाव ठेवलं 'मधुर'. सगळ्यांचे लाल कोट सुगंधाबाईने घरच्या मशीनवर शिवले. पहिली दोन वर्षं आसपासच्या खेड्यांत गेली. मग फैजपूरला एका केळीवाल्याच्या घरचं लग्न मिळालं. चौकात समोरून दुसरी वरात आली, तिच्यापुढे जळगावचा नावाजलेला बँड. कुणीच मागे हटेना. मगनने सूर चढवायचा, भटूने तो अलगद खाली आणायचा, असं बराच वेळ चाललं. दोन्हीकडची वऱ्हाडी मंडळी नाचायची थांबून ऐकू लागली. शेवटी त्या बँडच्या मास्तरने वाजवणं थांबवलं आणि येऊन मगनला मिठी मारली.

त्यानंतर मुलींचे बाप 'मधुर'ची तारीख विचारून मुहूर्त काढू लागले. मगन सगळ्यांना सांगायचा, "मन्हा ट्रम्पेट लोकेस्ले बलावस, भटूनी क्लॅरिनेट त्यासले बसाडस." वरात संपली की दोघं एका ताटात जेवत.

साक्रीच्या त्या दिवशी मात्र भटू जेवायला थांबला नाही. त्याने कोट काढून घडी घातली, हातगाडीवर ठेवली आणि एसटी धरली. आठवड्याभरात निम्मी माणसं त्याच्याकडे आली. ढोल-ताशेवाले मगनकडे राहिले. एका गल्लीत दोन बँड झाले, 'मधुर' आणि 'असली मधुर'. लोक पाट्या वाचून हसायचे.

सुगंधाबाई भावाच्या ओट्यावर येऊन बसली. "तुम्ही दोन्ही मन्हाच. मी कोनाकडथून बोलू?"

"अक्का, तू काहीच बोलू नको."

ती पदर डोळ्यांना लावून उठली. मगनकडे दणका होता, पण गोडवा नव्हता. भटूकडे गोडवा होता, पण तो चार घरांपलीकडे पोचत नव्हता. एकदा ऐकलेली माणसं पुन्हा बोलवायला आली नाहीत. माणसं पांगली, कुणी सुरतेला गेलं, कुणी वीटभट्टीवर. मगन आठवडे बाजारात कांदे-लसूण विकू लागला. भटू जिनिंगमध्ये रखवालदार झाला. कापसाच्या धुळीने छाती भरली, दोन वाक्यं बोलला तरी त्याला धाप लागे. दोघांचा एकमेकांशी शब्द नव्हता. समोरून आले तर एकजण गल्ली बदलायचा.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात सुगंधाबाईच्या मुलीचं लग्न ठरलं. मामाला यावंच लागणार होतं.

"बँड कोना शे, अक्का?" भटूने विचारलं.

"पोऱ्याकडला म्हनतस, बँड नको. त्या टेम्पो आनतस."

टेम्पो आला. त्याच्यावर स्पीकरच्या पेट्या माणसाच्या उंचीइतक्या रचलेल्या. कॅसेट सुरू झाली तशी ओट्यावरची भांडी थरथरली. वरात मांडवाच्या तोंडाशी आली. मुलीचा बाप आणि मामा स्वागताला शेजारी शेजारी उभे राहिले. मगनचे केस पार पांढरे झालेले भटूने इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिले.

मगन त्याच्याकडे वळला. काहीतरी बोलला. ओठ हलले, गळ्याची शीर फुगली, डोळे भरून आले. टेम्पोच्या आवाजात भटूला एक अक्षर ऐकू आलं नाही.

त्याने मान हलवली, सगळं कळल्यासारखी.

मगनने उपरण्याने तोंड पुसलं. मग दोघंही हात जोडून व्याह्यांच्या पुढे वाकले.

काय म्हणाला होता, ते भटूने पुढे कधी विचारलं नाही, आणि मगनने ते पुन्हा सांगितलं नाही.