कळखाऊ महाराज आणि अर्धी कात्री

बायको गेल्याचं दवाखान्यातून फोनवर कळलं, तेव्हा मी तिच्या शिलाई मशीनला तेल घालत होतो. फोन ठेवला, राहिलेल्या भोकांत तेल घातलं आणि मगच निघालो. रडू आलं नाही. लोक म्हणाले, दगड आहे.

पुढे मनाने घेतलं की हातावर तिची कात्री गोंदवून घ्यावी. सुईची मला लहानपणापासून धास्ती. शेजाऱ्यांनी सांगितलं, मग कळखाऊ महाराज बसतात त्याच गोंदणाच्या दुकानात जा, ते दुसऱ्याची कळ स्वतः खातात.

तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्चीत एक धिप्पाड ट्रकवाला दंडावर वाघ गोंदवून घेत निवांत शेंगदाणे खात होता. शेजारी स्टुलावर महाराज डोळे मिटून त्याच्या वाटच्या बोंबा मारत होते. लोक हात जोडून उभे. रीत अशी, की आधी गोंदायच्या जागी मंत्राचा लेप, त्यावर प्लास्टिक गुंडाळायचं आणि मग सगळ्यांनी मिळून बराच वेळ जप करायचा. जपाने म्हणे कळ सैल होते आणि महाराजांच्या पोटात उतरते. मागच्या एका वाघाच्या मिशांनी त्यांना अपचन झालं होतं.

माझ्या हातावर कात्रीचं एक पातं झालं आणि मला काही म्हणजे काही जाणवलं नाही. तिथेच थांबवून मी महाराजांचे पाय धरले, बायकोचं सांगितलं. ते म्हणाले, छातीतली कळ खोल असते. छाती, पोट, पाठ, सगळीकडे लेप लावून रात्रभर गुंडाळून ठेवावं लागेल. शिवाय गेलेल्या माणसाची आवडती वस्तू त्यांच्याकडे आणून सोडायची. मी शिलाई मशीन कबूल करून बसलो.

मशीन न्यायला हातगाडी आली तेव्हा मेहुणी घरी होती. ती दातांची डॉक्टर. तिने सगळं ऐकून घेतलं, हातगाडीवाल्याला परत पाठवलं आणि चपला घातल्या. मीही मागोमाग निघालो.

दुकानात तेव्हा एक न्हावी पालथा पडून पाठीवर गरुड काढून घेत होता. मेहुणी गोंदणाऱ्याच्या कानाशी लागली. म्हणाली, गोंदायचं मशीन चालू ठेव, पण सुई हवेत धर. रोजच्या बोंबांनी त्याचे कान किटलेच होते, त्याने लगेच ऐकलं. सुई हवेत घुमत राहिली आणि महाराज विव्हळत राहिले, "मेलो रे, एक पंख झाला, आता दुसरा आला."

"महाराज, डोळे उघडा," मेहुणी म्हणाली. "सुई त्याला लागतच नाहीये. कुणाची कळ खाताय?"

महाराजांनी एक डोळा उघडला. "उद्याची आगाऊ खात होतो," ते म्हणाले.

आधी न्हावीच हसला. मग मेहुणीने लेप नसलेल्या जागी सुई टेकवायला लावली. जप जोरात चालला होता, महाराज ओरडत होते, तरी न्हावी पडल्या जागी ताडकन उडाला.

तिने लेपाची वाटी सगळ्यांसमोर धरली. हे बधिर करणारं मलम आहे, दात काढण्याआधी ती हिरडीला लावते तसलंच. जप म्हणजे ते मुरेपर्यंत लोकांना गुंतवून ठेवणं. मग ती माझ्याकडे वळली.

"भाऊजी, हे अंगभर लावून रात्रभर गुंडाळलं असतं तर रक्तात उतरून हृदय बंद पडू शकलं असतं. ताईपाठोपाठ तुम्हालाही मीच पोचवायचं होतं का?"

मी विचारलं, मग छातीतल्यावर काय?

"त्याला माझ्याकडे काही नाही," ती म्हणाली. "मलाही तेच होतंय."

गोंदवायची भीती वाटत असेल तर डॉक्टरांना विचारून मलम लावा, पोटात थोडं घालून जा, श्वास संथ ठेवा. तुमची कळ मी खातो असं कुणी म्हणालं, तर आधी सुई हवेत धरून बघा. माणूस गेल्याची कळ तर कुणालाच खाता येत नाही. खातो म्हणणारा खोटं बोलतो, त्याच्या हाती स्वतःचं अंग देऊ नका.

माझ्या हातावर कात्रीचं एकच पातं आहे. दुसरं काढायचं राहिलं आहे.