मिशेरीच्या डबीतली दाढ

मित्रांनो, मी एक जुनी दाढ आहे, सिरसाळ्याच्या रतनबाईंच्या खालच्या जबड्यातली. मला कीड कधीच लागली नाही. तरी मी गेले, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

तरुणपणी मी उसाचं कांडं चरकासारखं पिळायचे. "रतनबाईचे दात म्हंजी अडकित्ता," बाया म्हणायच्या.

मग मिशेरी आली. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटून डबीत भरायची, रोज बोटानं चोळायची. हिरडी सुजली, रक्त येऊ लागलं. "उष्णता हाय," म्हणत रतनबाईंनी चिमूट वाढवली. ठणका बधिर झाला, रोग आत चालूच राहिला.

हिरडी माझ्यापासून सुटली. फटीत कीटण दगडासारखं बसलं. मुळांना धरणारे धागे तुटले, भोवतीचं हाड झिजलं, मुळांवरचा पातळ थरही खरवडला गेला. वरून मी धडधाकट, खालून उघडी. हलता हलता मी ठरवलं, याचा सूड घ्यायचा.

परळीच्या दवाखान्यात मी एका ओढीत डॉक्टरीणबाईंच्या हातात आले.

"कीड न्हाई, मग निघाली कावून?" रतनबाईंनी विचारलं.

"दाढ चांगलीच होती, आजी. तिला धरणारं हाडच उरलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सून उज्ज्वलानं मला कागदात बांधून घरी आणलं. तिच्या धनश्रीला तेव्हा पहिले दात येत होते. पोर सारखी किरकिरायची.

"जरा मिशेरी चोळते, निवल पोरगी," रतनबाई म्हणाल्या.

"नको, आत्याबाई."

"तुज्या नवऱ्याला बी लावली हुती. बैलावानी हाय की."

सासूबाई अंगणात गेल्या तशी उज्ज्वलानं डबी उकिरड्यावर झाडली आणि आत मला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी धनश्री रडली. तिला मांडीवर घेऊन रतनबाईंनी न बघता डबीत बोट घातलं. मी वाटच बघत होते. माझं खडबडीत मूळ कचकन टोचलं.

त्यांनी मला तळहातावर घेतलं. बराच वेळ न्याहाळलं. मग जिभेनं माझ्या शेजारणीला चाचपलं. ती हलली.

"ही बी गेली म्हणायची," त्या पुटपुटल्या, आणि नात सुनेच्या हाती दिली.

मित्रांनो, हिरडीतून रक्त आलं तर ते लपवू नका, दाखवा. मी अजून त्याच डबीत आहे. झाकण उघडणाऱ्या बोटाची वाट बघते आहे.