सात ते बारा

रविवारी आम्ही पाचजणी भद्रावतीत एक खेळ खेळतो. कागदावरच्या जंगलात शिरायचं, बारा बाजूंचा फासा टाकायचा, आणि पडलेल्या आकड्यासमोर जो राक्षस लिहिलाय तो भेटतो. राक्षस लिहायचं काम माझं. त्यासाठीच मी मार्चमध्ये धानोऱ्यापलीकडं थोरल्या बहिणीच्या गावी गेले. रुखमा तिचं नाव. मी तिला बाई म्हणते. खरं जंगल पाहिलं की झकास राक्षस सुचतील, ही माझी अक्कल.

मोहफुलं पडायचे दिवस होते. बाई आणि भाऊजी, म्हणजे सुकलू, पहाटेच वेचायला निघायचे. त्या गावात रानातून आलेल्या माणसाला आधी पाणी देतात आणि विचारतात, "काय भेटलं?" मग तो सगळं सांगतो: माकडं, रानकोंबडी, अस्वलाचे पाय. मी हावऱ्यासारखी लिहून घ्यायची.

एका दुपारी बाईला माझा राक्षसांचा तक्ता वाचून दाखवला; भाऊजीही शेजारी बसून ऐकत होते. एक, झाडाला उलटी लटकलेली बाई. चार, एका कानाचं अस्वल. ती प्रत्येकाला "हं, हं" करत हसत होती.

"सात ते बारा, काई नाई," मी म्हटलं.

तिचं हसू थांबलं. "काई नाई म्हंजे?"

"कोनी भेटत नाई. सुखरूप."

"रानात पाखरूबी नाई भेटत, असं होते का? मंग सारे चूप काऊन हायेत?" तिनं आवाज खाली आणला. "तुले कोनी नाई भेटलं, म्हंजे त्याले तू भेटली."

मागच्या उन्हाळ्यात गावातल्या बुधूला वाघानं नेलं. आदल्या दिवशी तो 'काई नाई भेटलं' म्हणतच घरी आला होता. तेव्हापासून कोणी तसं म्हणालं की ती वाट आठ दिवस बंद.

दुसऱ्या दिवशी भाऊजी एकटेच नाल्याकडं गेले आणि भरली टोपली घेऊन लंगडत आले. पायात काटा मोडला होता.

"काय भेटलं?" बाईनं विचारलं.

"अस्वल. एका कानाचं. उठून गेलं बिचारं."

माझं चार नंबरचं अस्वल! भद्रावतीत पंख्याखाली बसून रचलेलं! बाई चुलीकडं वळली तसे भाऊजी हळूच म्हणाले, "खरं तं काईच नाई भेटलं. पन सांगून कसं चालन? आठ दिवस वाट बंद, अन् फुलं ढोरं खातीन."

मी बाईला सांगितलं नाही. खरं सांगते, मला गंमत वाटली. माझा राक्षस बाईच्या गळी उतरला होता.

पहाटे भाऊजींचा पाय सुजला होता. बाईनं टोपली उचलली. "मीच जातो नाल्याकडं." भाऊजींनी तोंड उघडलं, माझ्याकडं पाहिलं, मिटलं. मी चपला घालून तिच्या मागं निघाले.

नाल्याकाठी फुलांचा सडा पडला होता. एक पाखरू बोलत नव्हतं. माझ्याच बांगड्या मला मोठ्यानं वाजल्यासारख्या वाटायला लागल्या.

"बाई, थे अस्वल माह्यं हाय. काल भाऊजीले काईच नाई भेटलं."

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. टोपली तिथंच सोडून तिनं मला पुढं घातलं.

"पळू नको. मांगं पाहू नको. मोठ्यानं बोलत राह्य."

"काय बोलू?"

"तुहा तक्ता बोल."

मी बोलू लागले. एक. "हं," मागून बाई. दोन. "हं." तीन. चारला तिचं "हं" जरा उशिरा आलं. पाच. "हं." सहा. "हं," अगदी कानाशी.

"सात," मी म्हटलं, "काई नाई."

मागून हं आलं नाही. पाचोळाही वाजला नाही. मी आठ म्हटलं, नऊ म्हटलं. मागं पाहू नको म्हणाली होती ना ती. बारा झाले की पुन्हा एकपासून.

अंगणात शिरले तेव्हा भाऊजी पाण्याचा गडवा घेऊन उभे होते. सवयीनं त्यांनी विचारलं, "काय भेटलं?"

मग त्यांनी माझ्या मागं पाहिलं.