दोन इंच लूज

मास्तरांना जगात दोनच कामं मनापासून आवडायची, एक कपडे शिवणं आणि दुसरं कॉम्प्युटरवर गाडी चालवणं. पहिलं पोटासाठी, दुसरं लेकीसाठी. पहिल्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. दुसऱ्याबद्दल काय सांगावं! त्यांची लाल गाडी रस्त्यावर कमी आणि खड्ड्यात जास्त असायची.

लेकीचं लाडाचं नाव बटण. लहानपणी दुकानातल्या बटणांच्या डब्यात हात खुपसून तासन्‌तास बसायची म्हणून. आता ती नोकरीसाठी लांबच्या शहरात राहत होती. फोनवर बापलेकीचं बोलणं म्हणजे, "जेवलीस?" "हो. तू?" "हो." "बरं." संपलं! पण रविवारी संध्याकाळी दोघं आपापल्या घरी कानाला हेडफोन लावून शर्यतीला उतरली, की बटणाची कळी खुलायची. नजर रस्त्यावर असली की तिला काहीही बोलता यायचं. मास्तरांना त्यात नवल वाटत नसे. गिऱ्हाईक हात वर करून मापाला उभं राहिलं की भिंतीकडे बघत घरातलं सगळं सांगून मोकळं होतं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

गेले काही महिने शर्यतीत एक हिरवी गाडीही येऊ लागली होती. बटणाच्या ऑफिसातला कोणी मुलगा. मास्तर त्याला 'हिरवा' म्हणायचे. बोलायला अगदीच मुखदुर्बळ, "काका, पुढं वळण आहे," एवढंच काय ते. पण मास्तर खड्ड्यात गेले की पोटची लेक खिदळत पुढे पळायची आणि हा परका पोरगा थांबायचा. "या गड्याला जिंकायचंच नाही वाटतं," असं मास्तर वरवर म्हणत, पण आतून त्यांना बरं वाटायचं.

तर शुक्रवारी बटणाचा मेसेज आला. "बाबा, रविवारी तुला एक सांगायचंय. फोनवर नको. गाडी चालवताना सांगते."

मास्तरांनी मेसेज दोनदा वाचला. जरा हात साफ करावा म्हणून त्यांनी कॉम्प्युटर लावला, गेम सुरू केला, तर पडद्यावर रंगीत पट्टे उमटले आणि एकदम काळोख!

"गेलं तुझं यंत्र," त्यांची थोरली बहीण हातातला काज करता करता म्हणाली. ताई दुकानात काज-बटणं आणि घरात मास्तरांची कानउघाडणी, अशी दोन्ही खाती सांभाळायची. "फोन करून विचार की, काय सांगायचंय ते."

"ताई, तुला ती माहीत नाही का? कॉलेज बदलायचंय हे सांगायला वर्ष घेतलं होतं तिनं. आता धीर गोळा केलाय. या रविवारी मी नसलो तर पुन्हा तोंडाला कुलूप लावेल." मास्तरांचा आवाज खाली आला. "मला वाटतं ती आणखी लांब जाणार आहे. परदेशात वगैरे."

ताईनं दोरा तोडला.

शनिवारी सकाळी मास्तर कॉम्प्युटरचं झाकण उघडून, आतलं माप घेऊन दुरुस्तीच्या दुकानात हजर झाले. दुकानातली बाई तरुण होती, पण बोलण्यात पक्की. तिनं लक्षणं ऐकली आणि निदान करून टाकलं, "ग्राफिक्स कार्ड गेलंय. चित्र काढणारं. नवं घालावं लागेल. काय काय खेळता?"

"एकच. गाड्यांचा. जुना आहे."

"मग हे बघूच नका." तिनं काचेतलं तीन पंख्यांचं, दिव्यांनी लखलखणारं धूड बाजूला सारलं. "हे घ्याल तर नाकापेक्षा मोती जड होईल. शिवाय त्याला वीज इतकी लागते, की तुमचा जुना डबा बसकणच मारेल. तुमच्या कामाला ही दोन चालतील."

तिनं काउंटरवर दोन कार्डं ठेवली. एक नवं, आखूड, एका पंख्याचं. दुसरं वापरलेलं, जरा लांब, दोन पंख्यांचं. दोन्ही स्वस्त, दोन्हींना वेगळी वीज नको. "हे छोटं कुठंही बसेल. लांबडं जास्त पळेल आणि तापणारही कमी. पण आत जागा हवी. किती आहे?"

"अकरा इंच," मास्तर ताठ मानेनं म्हणाले. जगात दुसऱ्या कशाबद्दलही त्यांना खोडलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं, पण मापाबद्दल? छे!

"मग प्रश्नच नाही. हे दहा इंची आहे. न्या हे. काही अडलं तर सोमवारी या, उद्या दुकान बंद."

रविवारी दुपारी मास्तरांनी देवाचं नाव घेऊन कार्ड आत सरकवलं. ते अर्ध्यात अडलं. वाकडं करून पाहिलं, तिरकं करून पाहिलं, दोन शेलक्या शिव्या देऊन पाहिलं. कार्ड ढिम्म!

"पुन्हा मोज," ताई म्हणाली.

मास्तरांनी टेप लावली. "अकरा," ते म्हणाले.

ताईनं चष्मा सावरून टेपेवर बोट ठेवलं. "इथं नऊ दिसतायत."

मास्तर बघतच राहिले. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांनी कपाळावर हात मारला. एवढी वर्षं टेपेनं छाती छत्तीस दाखवली की त्यांच्या तोंडून अडतीस निघायचं. अंगाच्या मापात श्वासापुरतं दोन इंच लूज मिळवल्याशिवाय आकडा उच्चारायचा नाही, ही जिभेला लागलेली सवय! त्यांनी त्या पत्र्याच्या खोक्याला शर्ट शिवायला घेतला होता.

"अरे, खोक्याला श्वास घ्यायचा नसतो रे!" ताई पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. मास्तर मात्र घड्याळाकडे बघत होते. दुकान बंद, संध्याकाळ दाराशी, आणि तिकडं पोरगी धीर गोळा करून बसलेली.

"पत्रा कापतो," ते म्हणाले आणि खरंच मोठी कात्री उचलली.

"खबरदार! माझी कात्री आहे ती." ताईनं कात्री हिसकावून घेतली. "लग्नाचा कोट अंगाला घट्ट झाला म्हणून कोणी आलं, तर तू काय करतोस? कापतोस?"

"कापीन कशाला? कुठं उसवता येईल ते बघतो."

"मग?"

मास्तरांनी खोकं जवळ ओढलं. मग गुडघ्यांवर बसून त्यांनी खोक्यात डोकं घातलं. शिवण शोधावी तसं बोट आतून फिरवत गेले. कार्ड जिथं अडत होतं तिथं पत्र्याची एक चौकट होती, जादाच्या डिस्क ठेवायची. रिकामी! आणि ती खाली चार स्क्रूंवर उभी होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! स्क्रू निघाले, चौकट निघाली आणि कार्ड सुळ्ळकन आत जाऊन बसलं. बाईनं सांगितलं होतं तसं त्यांनी कार्डाचं सॉफ्टवेअर चढवलं, आणि पडद्यावर लाल गाडी अशी चकाकली, की ताईसुद्धा म्हणाली, "धुतलेली दिसते."

संध्याकाळी तिघं रस्त्याला लागली. पुढे बटणाची पिवळी, मागे लाल, बाजूला हिरवी. एक फेरी झाली, दोन झाल्या. बटण हवापाण्याच्या गप्पा मारत होती.

"बाबा."

"बोल."

"तो हिरवा आहे ना... मला त्याच्याशी लग्न करायचंय."

लाल गाडी सरळ खड्ड्यात.

पिवळी गाडी या वेळी पुढे पळाली नाही, रस्त्यातच थांबली. आणि हिरवी हळूहळू उलटी येत खड्ड्याच्या काठाशी येऊन उभी राहिली. नेहमीसारखी.

मास्तरांनी पडद्याजवळ तोंड नेऊन हिरव्या गाडीकडे पाहिलं. लेक लांब जाणार नव्हती, याचा आनंद तर होताच. पण ती कोणाबरोबर जाणार तेही इतके महिने डोळ्यांसमोरच होतं आणि त्यांना ते दिसलं नव्हतं.

"बाबा, काहीतरी बोल ना!"

"अगं वेडे, हे सांगायला एवढी घाबरलीस?" मास्तरांनी डोळे पुसले. "मी खड्ड्यात गेलो की थांबणारा हा एकटाच. त्याला मी नको म्हणेन?"

बटण हसली की रडली ते कळलं नाही, बहुतेक दोन्ही. मग एक घाबरा आवाज आला, "काका, थोडं मागं घ्या, मग डावीकडे."

"घेतो मागं. पण तू आधी दुकानात मापाला ये. तुझा कोट मीच शिवणार."

"टेप मी धरणार!" ताई मागून ओरडली. "याचा भरवसा नाही, हा अकराच सांगेल."

"सांगू दे," मास्तर गाडी मागं घेत म्हणाले. "ताई, जावयाच्या कोटाला दोन इंच लूज लागतंच."