हार्डली

"दादा, म्या काम केलं न्हाय, असं लिवलंय व्हय तुमी?"

मायाक्का दारात उभी होती. आत ये म्हटलं तरी आली नाही. ती दवाखान्यात आया होती. माळशिरसकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. माझी यशोदा त्या दवाखान्यात अडीच महिने होती. तेवढे दिवस मायाक्काने तिचं अंग पुसलं, वेणी घातली, शेवटी शेवटी चमच्याने पेज भरवली. यशोदा मला म्हणाली होती, "हिच्यासाठी मोठ्या मॅडमना पत्र लिहा. इंग्रजीत लिहा."

तेराव्यानंतर मी लिहिलं. आणि ते वाचून मॅडमनी मायाक्काला शनिवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं.

गिरणीच्या कचेरीत मी वीस वर्षं इंग्रजी पत्रांच्या नकला करत होतो. स्वतःचं असं हे पहिलंच पत्र. त्याचा कच्चा कागद घेऊन मी आमच्या शुक्रवार पेठेतच राहणाऱ्या वेणीमाधव मास्तरांकडे गेलो. मायाक्काही मागून आली. मास्तरांनी एका ओळीवर बोट ठेवलं. मायाक्का वर्क्ड हार्डली.

मी म्हणालो, काइंडचं काइंडली होतं, स्लोचं स्लोली होतं, म्हणून हार्डला ली लावला.

"इथं नाही लावायचा, अहो. वर्क्ड हार्ड म्हणजे कष्ट केले. हार्डली म्हणजे केलेच नाहीत म्हणा की."

मायाक्काला समजावून सांगितलं. ती वाकून कागदावरच्या त्या ली कडे बघायला लागली.

"एवढ्याशा शेपटानं?"

"व्हय," मी म्हणालो. तिला हसू आलं. माझी मान वर होईना.

तिथेच बसून नवं पत्र लिहिलं. मास्तरांनी वाइफच्या आधी लेट घालायला सांगितलं. लेट मला हजेरीपटातला माहीत होता; उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे लाल शाईने लिहितात. मी म्हणालो, ती कधीच लेट नव्हती, गिरणीचा भोंगा व्हायच्या आत माझा डबा बांधलेला असायचा. मास्तर हळू आवाजात म्हणाले, माणसाच्या आधी आला की तो गेलेल्यासाठी असतो. मग मी लिहिला.

शुक्रवारी सकाळी पत्र मॅडमच्या हातात दिलं. चूक माझी, हिची नाही, असं मराठीतच सांगितलं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग पहिलं पत्र काढून मला परत दिलं आणि मायाक्काला म्हणाल्या, "जा, कामाला लाग."

व्हरांड्यात मी तिला थांबवलं. यशोदाला तिच्याबद्दल जे सांगायचं होतं ते तिला मराठीत ऐकवावं, असं मनात होतं. पहिली ओळ सांगतोय तोच आतून कुणीतरी पाणी मागितलं.

"आले की, माय," म्हणत ती आत गेली.

यशोदाच्या खाटेवर आता दुसरी बाई होती. तिच्या मानेखाली हात घालून मायाक्का तिला पाणी पाजत होती.