इंजिन तापेना

रोपवाटिकेची जुनी पिकअप सूनच चालवायची. नवरा वर्षातले आठ महिने जहाजावर, त्यामुळे रोपं भरणं, पोचवणं, गाडीची नाटकं सांभाळणं, सगळं तिच्याच गळ्यात. या हिवाळ्यात गाडीनं नवीच खोडी काढली होती. तासभर पळवली तरी टेम्परेचरचा काटा तळ सोडायला तयार नाही. हीटर लावला की गार वारा, काच आतून धुरकट, आणि डिझेल मात्र ढोसायची. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं सेन्सर बदलून दिला. काटा ढिम्म.

घरात सासरे होते. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगायचे. पण दोन वर्षांपूर्वी "गुडघे साथ देत नाहीत" म्हणून त्यांनी अचानक शटर ओढलं, ते ओढलंच. सुनेनं काही विचारलं, की पेपरात डोकं घालायचे.

त्या सकाळी ती कुडकुडत परत आली. "बाबा, आज हातमोजे घालून स्टिअरिंग धरलं. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन गार राहतंय तर चांगलंच आहे."

हे मात्र त्यांना सोसवेना. "चांगलं कसलं डोंबलाचं! तापल्याशिवाय डिझेल नीट जळत नाही, इंजिन आतून झिजतं. निवू दे पूर्ण. दुपारी बघू."

दुपारी त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. "चालू कर. आता रेडिएटरला जाणारा तो वरचा जाड पाइप धर. बाही पंख्यापासून लांब ठेव."

"तुम्हीच धरा ना. तुम्हाला लगेच कळेल."

त्यांनी पाइपावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग काढून घेतला.

"नाही कळत गं. साखरेनं बोटं बधिर केलीत. गुडघ्यांची सगळी थाप होती. तापलेल्या सायलेन्सरवर हात टेकला होता, कातडं करपल्याचा वास आला तेव्हा समजलं. गिऱ्हाईक बघत उभं होतं."

ती म्हणाली, "आंघोळीचं पाणी तुम्ही कोपरानं बघता. मी पाहिलंय."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

सासरे आधी गोरेमोरे झाले, मग नाकातल्या नाकात हसले. "बरं बाई. हात तुझा, डोकं माझं. सांग, काय लागतंय?"

"कोमट होतोय. हळूहळू."

"आत्ताच? काटा तर जागचा हललेला नाही."

"हो, पण पाइप कोमट आहे."

"सापडला चोर! थर्मोस्टॅट. पाण्याच्या वाटेवरचं दार समज. इंजिन तापेपर्यंत ते बंद हवं. तोवर हा पाइप गार, आणि मग एकदम चटका. आपलं दार सताड उघडं अडकलंय. पाणी तापायच्या आधीच रेडिएटरकडे पळतंय."

दुसऱ्या दिवशी तिनं नवा थर्मोस्टॅट आणला. "नवा म्हणून डोळे मिटून बसवायचा नाही," म्हणत सासऱ्यांनी तो स्वयंपाकघरात पातेल्यात उकळला. झडप उघडली, बाहेर काढल्यावर मिटली, तेव्हा कुठे समाधान झालं. मग गार इंजिनाशेजारी स्टुलावर बसून ते सांगत गेले, ती करत गेली. दोन बोल्ट गंजलेले होते. एकावर तिनं इतका जोर लावला की पाना निसटून ती थेट मागच्या कुंडीत बसली. जुना थर्मोस्टॅट निघाला तो गंज खाऊन, तोंड वासून.

गाडी रस्त्यावर घेतली. काटा मुंगीच्या पावलांनी चढला आणि मधोमध जाऊन थांबला. तिनं हीटर लावला. सासऱ्यांनी सवयीनं हात पुढे केले, मागे घेतले, आणि वाकून तोंडच जाळीसमोर नेलं. डोळे मिटून म्हणाले, "लागतंय गं. चांगलं ऊन ऊन लागतंय."

घराचं वळण मागे टाकून ती तशीच पुढे गेली.

आठवड्यानं शेजारचा दूधवाला त्याची गाडी घेऊन दारात आला. सासरे मोकळेपणानं म्हणाले, "माझ्या बोटांना काही कळत नाही रे आता. सूनबाई चारला येते. तोवर इंजिन निवू दे."