नॉर्मल माणसाचा उजवा कान

ज्ञानदेव गजभिये हा लॅबचा अधिकृत नॉर्मल माणूस होता. आतला कान शरीराचा तोल कसा सांभाळतो, यावर अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या पिस्कॅटवेच्या त्या लॅबमध्ये संशोधन चाले. चक्कर येणाऱ्या पेशंटांशी तुलना करायला एक धडधाकट माणूस लागायचा, आणि तिथेच नोकरीला असलेला ज्ञानदेव पगारातच मिळत होता.

चाचणी सोपी. अंधाऱ्या खोलीत आडवं व्हायचं, कानात गार पाणी सोडून घ्यायचं. कान शाबूत असला की खोली गरगरते, डोळे झटके देतात आणि डोळ्यांपाशी चिकटवलेल्या तारांमुळे मशीनचं पेन कागदावर करवतीचे दाते काढतं. माणसाला झोप लागू नये म्हणून त्याला काहीतरी बडबडायला लावतात.

१९८६ सालच्या जानेवारीतल्या एका शुक्रवारी, चाचण्या घेणाऱ्या सुलभाताई दामल्यांनी त्याच्या डाव्या कानात पाणी सोडलं.

"भाज्यांची नावं घे."

"वांगं, भेंडी, दो... बास बास, गरगरतंय!"

"गरगरणारच. नॉर्मल ना तू?"

मग उजवा कान. "कारलं, पडवळ, तोंडली, दुधी, गवार..." भाज्या संपत आल्या. खोली जागची हलेना.

"सुलभाताई, पाणी सोडलंत ना?"

"कधीच."

पेन सरळ रेघ ओढत होतं. त्यांनी पुन्हा पाणी सोडलं. पुन्हा रेघ.

त्या रेघेचा अर्थ ज्ञानदेवला पाठ होता. कान मेलेला, बहुधा नसेवर गाठ. गेले काही दिवस त्या कानाला फोनही दबका ऐकू येत होता. ऑपरेशनमध्ये गाठ जाते, तिच्याबरोबर ऐकूही जातं. चेहऱ्याची नस शेजारीच असते. ती दुखावली तर अर्धं तोंड लोंबतं. तसे फोटो त्याच्याच ड्रॉवरमध्ये होते.

लॅबचे प्रमुख डॉक्टर कॉन्फरन्सला गेले होते, सोमवारी येणार होते.

"घाबरू नकोस यार," सुलभाताई म्हणाल्या. पेशंटांना त्या हेच सांगत, फक्त 'यार' वगळून.

शनिवार-रविवार ज्ञानदेव आरशासमोर होता. गाल फुगवून पाहिले, शीळ घातली, दात काढले. जिना उतरताना कठडा सोडला नाही. हिवाळ्यापुरती नागपूरहून आलेली आई, रमाबाई, दारातून बघत होती.

"काहून रे, आरशाला दात दाखवतोस? पोरगी पाहिली का कुठं?"

"नाही गं."

"मग चेहरा काहून उतरला?"

ज्ञानदेवने दचकून उजवा गाल चाचपला.

सोमवारी डॉक्टरांनी बॅटरी घेऊन कानात डोकावलं. पाणी सोडण्याआधी डोकावायचं, हा नियम भिंतीवर ज्ञानदेवनेच टाइप करून लावला होता. पण नॉर्मल माणसाच्या कानात कोण बघतो? मग डॉक्टरांनी बारीक चिमटा आत घातला आणि कापसाचा एक पिवळा, तेलकट बोळा हळूच बाहेर काढला. खोलीत वास पसरला.

"गार्लिक ब्रेड?" डॉक्टरांनी विचारलं.

जर्सीची थंडी कानात शिरते म्हणून रमाबाई रोज संध्याकाळी लेकाच्या कानात लसणाचं तेल घालून बोळा बसवत. उजव्या कानातला एक बोळा आत सरकला. तो गळून पडला समजून त्यांनी वर दुसरा बसवला. सकाळी ज्ञानदेव वरचा तेवढा काढत राहिला.

सगळे हसले. ज्ञानदेव हसला नाही. बोळा निघाला म्हणून नस जिवंत आहे, असं थोडंच ठरतं?

पुन्हा अंधार. पुन्हा पाणी.

"भाज्या घे रे." सुलभाताईंचाच आवाज कापत होता.

"वांगं." काही नाही. "भेंडी." काही नाही. त्याने पलंगाची कड घट्ट धरली. "दोडका..." आणि पलंग निघाला! भिंती निघाल्या, छत निघालं, पोटातला नाश्ताही निघाला आणि सुलभाताईंच्या नव्या बुटांवर पोचला.

"सॉरी, ताई—"

"ओक, बाबा, ओक!" कागदावर नाचणाऱ्या पेनावरून नजर न काढता सुलभाताई ओरडल्या.

संध्याकाळी त्याने आईला सगळं सांगितलं. गाठ, ऑपरेशन, लोंबणारं तोंड, सगळं. रमाबाईंनी डोळे पुसत ऐकून घेतलं.

"म्हणजे तेलानंच बचावला ना कान?" त्या म्हणाल्या, आणि लसूण सोलायला बसल्या.